थिएनथांग शिएन नकाशावर का सापडत नाही

एका वाचक मित्राने तीन प्रश्न विचारले आहेत. नोबेल मिळालेले चिनी लेखक मो यान यांची लसणाच्या दंगलीवरची कादंबरी, ‘द गार्लिक बॅलड्स’, तो इंग्रजीतून वाचतोय. तिच्यातली ‘पॅराडाइज काउंटी’ (मूळ चिनीत थिएनथांग शिएन) त्याने चीनच्या नकाशावर बरीच शोधली, सापडली नाही; मग ती खरी की खोटी? काउंटी म्हणजे आपला तालुका समजायचा की जिल्हा? तिसरा प्रश्न जरा वैतागून विचारलाय: या पुस्तकातली माणसं सारखी काउंटीच्या कचेरीकडे का धावतात, गावातलं गावात का मिटवत नाहीत?

मी वीसेक वर्षं चिनी शिकवतोय आणि चिनीतून मराठीत भाषांतरं करतोय. हा काउंटीचा काटा माझ्याही पायात बराच काळ रुतून होता. म्हणून मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तो सुटला की तिसऱ्याला वेगळं उत्तर द्यायची फारशी गरज उरत नाही.

‘काउंटी’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. तो उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे इंग्लंडमधली हिरवळ आणि पांढऱ्या कपड्यातले क्रिकेटवाले येतात, आणि चीनच्या शांडोंग प्रांतातल्या लसूणवाल्याशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. मूळ शब्द आहे शिएन. इसवी सनापूर्वी २२१ मध्ये छिन राज्याने बाकीची राज्यं जिंकून एकछत्री अंमल आणला आणि सगळ्या मुलखाची वाटणी मोठ्या विभागांत आणि त्यांच्याखाली शिएनमध्ये केली. त्यानंतर मंगोल आले, मांचू आले, प्रजासत्ताक झालं, कम्युनिस्ट आले. वरच्या पायऱ्यांची नावं आणि हद्दी दर वेळी बदलल्या. शिएन टिकलं. आजही गावाकडच्या चिनी माणसाला ‘कुठले तुम्ही?’ म्हणून विचारलं तर तो पुष्कळदा खेड्याचं नाव घेतच नाही, शिएनचं घेतो.

आता आकार. शहरांतले प्रभाग धरून शिएनच्या दर्जाचे विभाग आज सुमारे २,८०० आहेत. १४० कोटी लोकांना भागलं की एकेकाच्या वाट्याला सरासरी पाच लाख माणसं येतात. महाराष्ट्रात तालुके ३५८, म्हणजे आपल्याकडे तालुक्याला सरासरी साडेतीन लाखांच्या आसपास. तेव्हा डोकी मोजली तर शिएन हा थोराड तालुका झाला. पण अधिकार बघा. शिएनचं स्वतःचं न्यायालय असतं, स्वतःचं अभियोग कार्यालय, पोलीस, कोठडी, अंदाजपत्रक, नाना तऱ्हेची वसुली करणारी खाती. या सगळ्याच्या डोक्यावर पक्षाचा सचिव, आणि त्याच्या खालोखाल शिएनप्रमुख. दारावर पाटी कोणाचीही असो, शब्द सचिवाचा चालतो. आपल्या तहसीलदाराच्या स्वप्नातही येणार नाही एवढी सत्ता एका जागी गोळा झालेली असते.

मी पहिल्यांदा एक चिनी कथा मराठीत केली तेव्हा सरळ ‘तालुका’ लिहिलं होतं. हस्तलिखित वाचणाऱ्या स्नेह्याने समासात लिहून पाठवलं, ‘तहसीलदाराला एवढी पॉवर कुठली?’ बरोबर होतं त्याचं. मी सगळीकडे ‘जिल्हा’ केला. मग भूगोल बिघडला. माणूस संध्याकाळी गाढवाची गाडी जुंपतो आणि उजाडताना जिल्ह्याच्या गावी पोचतो, हे मराठी वाचकाच्या पचनी पडेना. त्याच्या मनातला जिल्हा एसटीनेही तीन तास लांब असतो. जुन्या काळच्या कथांसाठी मी ‘परगणा’ही वापरून पाहिला. शब्द कानाला गोड लागतो, पण तो आपल्याबरोबर देशमुख-देशपांड्यांचं वतन घेऊन येतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत रुजलेलं घराणं, वाडा, मानपान. चिनी शिएनच्या अधिकाऱ्याचं नेमकं उलटं होतं. छिंग म्हणजे मांचूंच्या राजवटीत नियमच असा होता की माणसाला त्याच्या स्वतःच्या प्रांतात शिएनची नेमणूक मिळायची नाही. परीक्षा पास होऊन आलेला हा परका माणूस, पुष्कळदा तिथली बोलीही धड न समजणारा, काही वर्षं राहायचा आणि बदलून जायचा. कायमचे असायचे ते कचेरीतले कारकून आणि शिपाई. तेव्हा परगणाही गेला. आता मी ‘शिएन’च ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच एखादा खुलासा गुंफतो आणि पुढे जातो. वाचक चारपाच पानांत सरावतो. फ्लॅट आणि सोसायटी हे शब्द पचवलेल्या भाषेला शिएन जड जाऊ नये.

एक गोष्ट मात्र मराठीत आयती मिळते. चिनीत शिएनच्या प्रमुखाला जुना शब्द आहे ‘फूमूक्वान’. फू म्हणजे बाप, मू म्हणजे आई, क्वान म्हणजे अधिकारी. इंग्रजी भाषांतरकारांना इथे तळटीप द्यावी लागते. आपण ‘मायबाप सरकार’ म्हणतो आणि मोकळे होतो. त्यातली लाचारी, त्यातला हक्क आणि त्यातला टोमणा, तिन्ही जसेच्या तसे उतरतात. कारण मायबाप म्हटलं की पोटाला घालायची जबाबदारीही आली, आणि ती पार पाडली नाही तर दारात येऊन आक्रोश करायची मुभाही आली.

आता तुमच्या कादंबरीकडे येऊ. तिथेही इंग्रजी नाव थोडं फसवतं. चिनी शीर्षकात लसूण नाही, ‘स्वानथाय’ आहे. ती एक वेगळीच वस्तू आहे.

लसणाच्या काही जातींना वसंताच्या शेवटी मधोमध एक गोल, हिरवागार दांडा फुटतो. टोकाला कळी असते. हाच स्वानथाय. आपल्याकडच्या लसणाला बहुधा असा दांडा येत नाही, म्हणून त्याला मराठीत धड नाव नाही; ‘लसणाची पात’ म्हटलं तर ती वेगळी, ती पानं. दुभाषा म्हणून एकदा मे महिन्यात शांडोंगच्या ग्रामीण भागात होतो, तेव्हा शेताच्या बांधावर एका म्हातारीने दांडा कसा काढायचा ते दाखवलं. सकाळी नाही काढायचा, तेव्हा तो पाण्याने भरलेला असतो, तटकन तुटतो. दुपारी उन्हाने रोप जरा मलूल झालं की खोडाला बुडाशी टोचायचं आणि वरून हळू, एकसारखं ओढायचं. आतून ‘चुंईक’ असा आवाज येतो आणि हातभर दांडा सुटून येतो. मला पहिले चारपाच दांडे अर्ध्यातच तुटले. म्हातारी प्रत्येक वेळी मोठ्याने हसली आणि तुटलेले तुकडे संध्याकाळच्या भाजीसाठी वेगळे ठेवत गेली. दांडा काढला नाही तर खालचा कांदा पोसत नाही, म्हणून तो काढावाच लागतो, आणि सगळ्या मुलखाला तो एकाच वेळी, मोजक्या दिवसांत काढावा लागतो.

कादंबरीचं सगळं यंत्र इथे आहे. वाळलेला लसूण माळ्यावर टांगून चार महिने भावाची वाट बघता येते. दांड्याला तसं थांबता येत नाही. काही दिवसांत तो पिवळा पडतो, चामट होतो, ढिगात घातला की तापतो आणि सडतो. शीतगृहात ठेवला तर महिनोन्‌महिने ताजा राहतो. म्हणजे शीतगृहाची किल्ली ज्याच्या कमरेला, भाव त्याच्या तोंडात. इंग्रजीत नुसतं ‘गार्लिक’ वाचलं की वाटतं, एवढी घाई कसली, थांबायचं की थोडं. मूळ वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून तो वास आणि ती घाई दोन्ही जाणवतात. लासलगावच्या बाजारात खरिपाचा कांदा घेऊन उभा राहिलेला माणूस हे मूळ वाचणाऱ्याच्या आधी समजेल. तोही कांदा टिकत नाही.

प्रत्यक्ष घडलेलं असं होतं. मे १९८७, दक्षिण शांडोंगमधलं त्सांगशान शिएन (२०१४ मध्ये त्याचं नाव बदलून लानलिंग झालं). लसणासाठी प्रसिद्ध मुलूख. सरकारने लागवड वाढवायला सांगितली, लोकांनी वाढवली, पीक भरघोस आलं. बाहेरचे व्यापारी अडवले गेले, कर आणि फी यांची रांग लागली, भाव कोसळला, दांडे सडू लागले. हजारो शेतकरी शिएनच्या कचेरीवर चालून गेले, मोडतोड झाली. मो यान तेव्हा सैन्यात होते. गाव सोडून १९७६ मध्ये भरती झालेला शेतकऱ्याचा मुलगा. ही बातमी त्यांनी वर्तमानपत्रात वाचली, हातातलं काम बाजूला ठेवलं आणि ३५ दिवसांत कादंबरी लिहून काढली. ती १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे एका आवृत्तीचं नावच ‘संतापलेले लसूणदांडे’ असं होतं.

आता नकाशाचा प्रश्न. घटना त्सांगशानची, पण कादंबरीतलं शिएन ना त्सांगशान आहे ना नुसती कल्पना. लेखकाने घटना उचलली आणि दोनेकशे किलोमीटर लांब, आपल्या गाओमी शिएनमधल्या खेड्यात नेऊन ठेवली. घरं, ओढे, तागाची शेतं, भाऊबंद सगळे त्याच्या ओळखीचे. त्याच्या इतर बहुतेक गोष्टी उघडपणे ‘गाओमीचा ईशान्य मुलूख’ म्हणूनच घडतात. इथे मात्र त्याने पाटी बदलली आणि नाव दिलं थिएनथांग, म्हणजे स्वर्ग. जिवंत पदाधिकाऱ्यांच्या शिएनचं नाव घेतलं असतं तर तो आरोप झाला असता. स्वर्गाच्या नावाने कोण फिर्याद करणार? शिवाय चिनी वाचकाच्या कानात ‘स्वर्ग शिएनचे पोलीस’, ‘स्वर्ग शिएनची कोठडी’ असले शब्दप्रयोग पानापानावर टोचत राहतात. इंग्रजीत ते ‘पॅराडाइज’ असं आलंय म्हणून टोचणी थोडीफार पोचते. नुसतं ‘थिएनथांग’ ठेवलं तर ती मरते, म्हणून मराठीत मी इथे माझा नेहमीचा नियम मोडून ‘स्वर्ग शिएन’ लिहीन.

शिएनचं नाव बदलणाऱ्या या लेखकाने माणसांची नावं मात्र काही ठिकाणी खरी ठेवली. २०१२ च्या नोबेल भाषणात त्यांनी स्वतःच सांगितलंय. लिहिताना खरं नाव घातलं की पात्र जवळचं वाटतं, आणि लिहून झाल्यावर ते बदलायला फार उशीर झालेला असतो. मग नावं वाचलेली माणसं तक्रार घेऊन त्यांच्या वडिलांकडे यायची. वडील मुलाच्या वतीने माफी मागायचे आणि वर म्हणायचे, त्याने एका पुस्तकाच्या पहिल्याच वाक्यात ‘माझा बाप दरोडेखोराची अवलाद’ असं लिहिलंय, मी रागावलो नाही, तुम्ही कशाला रागावता? ही समजूत काढण्याची पद्धत मला फार आवडते. आपल्याकडेही गावावर लिहिणाऱ्या लेखकांच्या वडिलांना तिचा उपयोग झाला असता.

कादंबरी वाचताना एक करा. तीन पायऱ्या डोळ्यांसमोर ठेवा: खेडं, त्याच्यावर श्यांग म्हणजे दहावीस खेड्यांची कचेरी, आणि त्याच्यावर शिएन. १९५८ पासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत श्यांगच्या जागी कम्यून होते. शेती सामूहिक होती, पीक काय लावायचं ते वरून यायचं, आणि विकायचं कुणाला हा प्रश्नच नव्हता. कम्यून मोडले, जमीन कसायला घराघरांत वाटली गेली, शेतकरी बाजारात आला. पण ‘हे लावा’ म्हणणारी माणसं खुर्चीवर तीच राहिली. ‘लावा’ म्हणायचा अधिकार जुना आणि ‘विकलं नाही तर तुमचं तुम्ही बघा’ हा कायदा नवा, या दोहोंच्या फटीत स्वर्ग शिएन सापडलंय.

आता गाओ यांगची रात्रीची फेरी पुन्हा वाचा. हा गरीब, भित्रा, एके काळी ‘जमीनदाराचा मुलगा’ म्हणून भरडला गेलेला माणूस दांड्यांच्या जुड्या गाडीत रचून शिएनच्या गावी निघतो. वाटेत एकजण रस्त्याचे पैसे मागतो, दुसरा मालावरचा कर, तिसरा पर्यावरणाच्या नावाने काहीतरी. प्रत्येकाकडे पावतीपुस्तक आहे. विकण्याआधी शेतकऱ्याच्या हातात रोकड कुठून असणार, म्हणून माल उतरवून द्यावा लागतो. शेवटी शीतगृहाचं दार दिसतं तेव्हा ते भरल्यामुळे बंद झालेलं असतं. एवढ्या प्रवासात राज्यसत्ता नावाची गोष्ट त्याला कुठे भेटली? राजधानीत नाही. शिएनच्या वेशीवर, दंडाला पट्टी बांधलेल्या पोरांच्या रूपात.

त्याच्याबरोबर गाडी घेऊन गेलेले फांग घराण्यातले चौथे काका परतीच्या वाटेवर मरतात. श्यांगच्या पक्षसचिवाची मोटार त्यांच्या बैलगाडीवर येते. लेखकाच्या स्वतःच्या एका काकांचा मृत्यू असाच झाला होता, फक्त गाडीत बीट होतं. अपघातानंतर जे होतं त्यात तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ज्याच्या मोटारीने माणूस मेला, तक्रार ऐकायला बसलेलाही तोच. मिटवामिटव करायला येणारा त्याचाच सहायक, आणि तो पुन्हा या घराशी सोयरिकीच्या व्यवहारात गुंतलेला. ‘गावातलं गावात’ मिटवायचं म्हणजे ज्याने मारलं त्याच्याच ओट्यावर बसून मिटवायचं. म्हणून माणसं एक पायरी वर बघतात. शिएनच्या दारात निदान न्यायालय आहे, शिक्का आहे, मायबाप आहे.

आणि मायबाप काय करतो? शिएनप्रमुखाचं नाव आहे झोंग वेइमिन. ‘वेइमिन’ म्हणजे ‘लोकांसाठी’. क्रांतीनंतरच्या काळातलं अगदी साधं, आपल्या जनार्दनासारखं नाव. लोक दारात जमतात तेव्हा हा लोकांसाठीचा माणूस बाहेर येत नाही. त्याने आपल्या घराच्या भिंती उंच करून वर काचा लावून घेतल्या आहेत. त्या काचांवर मो यान फार शब्द खर्च करत नाहीत आणि ते बरं केलं. दंगल पेटते ती भाव पडल्यामुळे नाहीच. भाव आधीही पडले होते. कोणी बाहेरच येत नाही म्हणून ती पेटते.

फांगांची लेक जिनज्यू आणि तिचा प्रियकर गाओ मा यांची गोष्ट सुटून जाऊ नये. जिनज्यूच्या लंगड्या थोरल्या भावाला बायको मिळावी म्हणून तिचं लग्न एका बऱ्याच वयाच्या माणसाशी ठरलंय. तीन घरं, तीन मुली, फिरती देवघेव. इंग्रजीत हे समजावायला अर्धं पान गेलंय. मराठीत ‘तिहेरी साटंलोटं’ म्हटलं की आजीसुद्धा मान हलवेल. ही दोघं रात्री तागाच्या उंच पिकातून पळतात आणि त्यांचा सगळा आटापिटा शेजारच्या शिएनची हद्द गाठायचा असतो. समुद्र नाही, मोठं शहर नाही, फक्त पलीकडचं शिएन. तिथे या श्यांगच्या सहायकाचं कोणी ऐकत नाही, एवढाच त्यांच्या स्वातंत्र्याचा अर्थ. ताग संपतो तिथे ओलसर पहाटेला ती दोघं थांबतात, ती पानं मला या लेखकाची सर्वांत चांगली वाटतात. जिनज्यू मेल्यावरही व्यवहार संपत नाही. तिची हाडं दुसऱ्या मृताशी ‘लग्न’ लावायला तिचे भाऊ विकतात. हे वाचून माझ्या वर्गातल्या एका मुलीने पुस्तक मिटलं होतं. मी तिला आग्रह केला नाही.

याच लेखकाची २००१ ची चंदनाच्या सुळाची कादंबरी शेजारी ठेवली तर शिएनचं दुसरं टोक दिसतं. काळ १९०० च्या आसपासचा, जागा उघडपणे गाओमी. जर्मन लोक छिंगदाओपासून जिनानपर्यंत लोहमार्ग टाकतायत (तो १९०४ मध्ये पुरा झाला), तो गाओमीच्या शेतांतून आणि थडग्यांवरून जाणार, लोक उठतात. हे घडलेलं आहे. कादंबरीत उठावाचा म्होरक्या आहे गावचा नाटकवाला सुन बिंग, आणि शिएनचा अधिकारी छिएन डिंग, विद्वान, देखणा, दाढीचा अभिमानी. दोघांची दाढी कोणाची सरस यावर भर कचेरीपुढे पैज लागते, मुलूखभरचे लोक बघायला जमतात. पुढे छिएन डिंगला त्याच दाढीवाल्या सुन बिंगला देहदंड द्यावा लागतो. वरून हुकूम, खालून शाप. छिएन डिंग वाईट माणूस नाही, हेच भयंकर आहे. झोंग वेइमिनला आपण एकदाही आतून बघत नाही आणि छिएन डिंगच्या डोक्यात मात्र लेखक आपल्याला पानंच्या पानं बसवतो. मला विचाराल तर दुसरी पद्धत जास्त जड आणि जास्त प्रामाणिक. लसणाच्या कादंबरीत राग पुढे आहे. मो यान यांनीही नोबेल भाषणात कबूल केलंय की सामाजिक वास्तवावर लिहिताना खरी अडचण टीकेच्या भीतीची नसते. तापलेल्या डोक्यामुळे राजकारण साहित्यावर बसतं आणि कादंबरीचं वार्तांकन होतं, ही असते. दोनतीन ठिकाणी झालंच आहे. दंगलीच्या खटल्यात बापाची बाजू मांडणारा तरुण लष्करी शिक्षक बोलायला लागतो तेव्हा पात्र बाजूला होतं आणि लेखक उभा राहतो. मला तो भाग भाषणाइतकाच वाटतो.

शिएन इतर लेखकांकडेही आहे, पण प्रत्येकाकडे वेगळ्या दाराने. लू याओच्या तीन भागांच्या प्रचंड कादंबरीची सुरुवात १९७५ साली एका शिएनच्या माध्यमिक शाळेत, जेवणाच्या सुट्टीत होते. मैद्यासारख्या पांढऱ्या पिठाचे, मक्याचे आणि ज्वारीचे असे तीन तऱ्हेचे वाफवलेले पाव. मुलांनी त्यांना नावं ठेवलीत युरोप, आशिया आणि आफ्रिका. नायक सुन शाओपिंग सगळे निघून जायची वाट बघतो आणि मग येऊन आपले दोन काळे ‘आफ्रिका’ मुकाट्याने उचलतो. खेड्यातून शिएनच्या गावी आलेल्या पोराची लाज इतक्या थोड्यात क्वचितच कुणी लिहिली असेल.

चेन झोंगशी यांनी तर शिएनच्या दप्तरातूनच कादंबरी काढली. चीनमध्ये प्रत्येक शिएनची बखर लिहायची शेकडो वर्षांची प्रथा आहे: दुष्काळ, परीक्षा पास झालेले, पूल, आणि सती-सावित्रींच्या याद्या. लानथिएन शिएनची बखर चाळताना या बायकांच्या नावांचे खंडच्या खंड त्यांना दिसले. बहुतेकींना स्वतःचं नावही नाही. अमक्याची बायको, तमक्याची लेक, एवढंच. त्या यादीत कधीच बसली नसती अशी बाई त्यांनी १९९३ च्या आपल्या कादंबरीत मधोमध आणून उभी केली. यान लिएनके यांनी बखरीची ही चौकटच उचलून एका खेड्याचं छोटं नगर, शिएन, शहर, महानगर असं बढत्या घेत फुगत जाणं लिहिलं. लिऊ झेनयुन यांची एक बाई घटस्फोटाच्या खटल्यासाठी शिएनच्या न्यायालयापासून थेट बीजिंगपर्यंत वीस वर्षं चकरा मारते, आणि ती निघाली की शिएनच्या सगळ्या कचेऱ्यांना घाम फुटतो. हे शेवटचं पुस्तक (इंग्रजीत ‘आय डिड नॉट किल माय हजबंड’) विनोदी आहे. लसणानंतर तोंडाची चव बदलायला तेच घ्या.

तुमच्या पुस्तकातल्या गाण्यांबद्दल थोडं सांगून थांबतो, कारण इंग्रजीत ती सर्वांत जास्त गळलीत. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर झांग खोऊ या आंधळ्या गायकाच्या ओळी आहेत. हातात अरहू, म्हणजे दोन तारांचं, गजाने वाजवायचं वाद्य, आणि पुढ्यात बाजारकरी. मराठीत हात आपोआप ‘पोवाडा’ या शब्दाकडे जातो. तो चुकीचा आहे. पोवाड्यात कोणीतरी जिंकावं लागतं. मी ‘कवन’ म्हणेन, आणि लय पिंगळ्याची ठेवेन, पहाटे दारोदार फिरून घरधन्याला आपलं ऐकवणाऱ्याची. झांग खोऊ आधी लसणाचं गुणगान गातो, लावा लावा म्हणणाऱ्यांच्या सुरात सूर मिसळून. मग भाव पडतो तसा सूर पडतो, आणि पोलीस त्याच्या तोंडापर्यंत पोचतात.

चिनी प्रतीतलं शेवटचं प्रकरण मात्र गाण्याचं नाही. ते वर्तमानपत्राचं आहे: अधिकृत बातमी, अग्रलेख, दोन्ही बाजूंच्या चुकांची मोजून केलेली वाटणी. तेच शिएन, तोच मे महिना, पण एकही दांडा सडताना दिसत नाही, कोणाचं नाव जिवंत वाटत नाही. हे मराठीत आणताना मी नेहमीची भाषा बाजूला ठेवली आणि घरात जपून ठेवलेले जुने शासकीय जाहीरनामे काढून बसलो. ‘सदर प्रकरणी काही असंतुष्ट घटकांनी परिस्थितीचा गैरफायदा घेतल्याचे निदर्शनास आले असून’ असं पहिलं वाक्य जमलं आणि पुढचं सगळं प्रकरण एका बैठकीत उतरलं. त्याच्या तळाशी, खात्रीलायक सूत्रांच्या हवाल्याने, दोन ओळी आहेत: पदावरून दूर केलेल्या दोघा वरिष्ठांना दुसरीकडे नेमणुका मिळाल्या आहेत. दुसरीकडे म्हणजे कुठे, तर दुसऱ्या शिएनमध्ये.